पमाताईचं कॉलेज

कडुनिंबाला मोहर आला की माझ्या नाकात लाखेचा वास शिरतो. एक वास झाडाचा, दुसरा कचेरीचा. दोघांचं तसं काही नातं नाही. पण वर्ध्याच्या एका कॉलेजात परीक्षा विभागाचा बाबू म्हणून मी तीस वर्षं काढली. मार्च सरत आला की खिडकीतून निंबाची बारीक पांढरी फुलं टेबलावर पडत, आणि आत आम्ही मेणबत्तीवर लाख वितळवून उत्तरपत्रिकांच्या कापडी थैल्या सीलबंद करत बसलेलो असायचो. लाखेत एखादं फूल अडकायचं. ते तसंच थैलीवर बसून विद्यापीठात जायचं, आणि मला उगाच वाटायचं की तपासणाऱ्याचं मन त्यानं जरा मऊ होत असेल.

आता निवृत्त होऊन वर्ष झालं. बोरगाव मेघेच्या घरात दुपारी कूलरसमोर खाटेवर पडतो. ओल्या वाळ्याचा गारवा येतो, टाकीत पाणी टपटपत राहतं, बाहेर ऊन इतकं पांढरं की समोरचं घरसुद्धा हलताना दिसतं. पॅड काखेत धरून पोरं रस्त्यावरून जातात. एकमेकांना विचारतात, तो तिसरा प्रश्न आला होता का. अशा वेळी डोळा धड लागत नाही आणि धड उघडाही राहत नाही. मग आठ वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा हळूच येतो आणि उशाशी बसतो. मी त्याला हाकलत नाही. हाकलून जाणारा नाहीच तो.

तो उन्हाळा माझ्या बहिणीचा, पमाताईचा आहे. कागदोपत्री प्रमिला. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ताईचं सगळं उशिरा झालं. बसली उशिरा, चालली उशिरा, बोलू लागली ती पाचव्या वर्षी. डॉक्टरांच्या कागदावर त्याला बौद्धिक अक्षमता म्हणतात. आमच्या मोहल्ल्यात तिला नुसतं भोळी म्हणत, आणि म्हणताना आवाज बारीक करत.

आमचं घर शिक्षणापुढे हात जोडणारं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देवघराचा कोनाडा रिकामा करून त्यात पुस्तकं ठेवली होती. बाबा रेल्वेत गँगमन. दिवसभर रुळाखालची गिट्टी ठोकून यायचे आणि संध्याकाळी आम्हाला समोर बसवून म्हणायचे, "शिकल्याशिवाय मानूस नाई." ताई तेव्हा माझ्या शेजारीच बसलेली असायची. हे वाक्य तिलाही ऐकू जात होतं, ही गोष्ट आम्हा कोणाच्या लक्षात आली नाही.

मी पहिलीत गेलो तेव्हा ताई पहिलीतच होती. दोनदा तिला तिथंच ठेवलं होतं. एक वर्ष आम्ही एका बाकावर बसलो. तिच्याकडे पाटी, माझ्याकडे पेन्सिल. दोन्ही एकालाच मिळत नसत. तिला 'ग' फार आवडायचा. पूर्ण पाटीभर ती नुसते 'ग' काढायची आणि वाकून त्यांच्याकडे बघत राहायची. वर्षाच्या शेवटी मी दुसरीत गेलो आणि ताई घरी आली. हेडमास्तरांनी बाबांना बोलावून तिचा शाळा सोडल्याचा दाखला हातात दिला. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण म्हणून एक रकाना असतो. त्यात लिहिलं होतं, 'पालकांच्या विनंतीवरून'. बाबांनी कसलीच विनंती केली नव्हती. पण साक्षरता वर्गात ते नुकतेच सही शिकले होते, आणि सांगितलं तिथं त्यांनी ती केली.

तो दाखला आईनं लोखंडी पेटीत ठेवला. पुढं जन्मभर तो सारखा बाहेर येत राहिला. रेशन कार्ड, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, शिबिर, काहीही असो, ताईच्या जन्मतारखेचा पुरावा म्हणजे तोच एक पिवळा लांब कागद. जिनं शाळा सोडली नव्हती तिच्या नावचा एकुलता एक कागद शाळा सोडल्याचा. दर वेळी आई पेटी उघडायची, आणि ताई उठून मागच्या अंगणात जायची.

मग सेहेचाळीस वर्षं ताईनं घरी काढली. भांडी, झाडलोट, कांदे चिरणं, देवाच्या वाती वळणं नव्हे, पण गोधड्या शिवणं, माझी पोरं सांभाळणं. मी या काळात बी.ए. झालो, नोकरीला लागलो, लग्न केलं. तिला काही कमी पडू दिलं नाही, असं मी लोकांना सांगत असे. आज ते वाक्य आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मेश्राम मॅडम होत्या. सडसडीत बाई, बोलणं सरळसोट. एकदा परीक्षा विभागाच्या खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "सुधाकरभाऊ, तुमच्या ताई दिवसभर काय करतात?"

"काही नाही मॅडम. घरीच असते."

"मग मंगळवार-शुक्रवार आणा त्यांना. मी वर्ग सुरू करते आहे. अठरा वर्षं झाली की यांच्या शाळा यांना सोडून देतात. पुढं चाळीस-पन्नास वर्षं यांनी काय भिंतीकडे बघायचं? तुम्ही-आम्ही मरेपर्यंत काहीतरी शिकत राहतो की नाही?"

मी मान हलवली. बाबू लोक मान हलवण्यात पटाईत असतात. खरं सांगायचं तर मला वाटलं, बाईंना सुट्टी जास्त झालेली दिसते.

पण वर्ग सुरू झाला. अकरा जण होते. सगळ्यात लहान बावीस वर्षांची, सगळ्यात मोठी आमची पंचावन्न वर्षांची ताई. या वर्गाला अभ्यासक्रम नव्हता. पहिल्या दिवशी मॅडमनी खडू हातात घेऊन विचारलं, "तुम्हाला काय माहीत करून घ्यायचं आहे?" असं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मग हिंगणीच्या किराणा दुकानदाराचा खुशाल, वय अडतीस, उभा राहून म्हणाला, "चंद्र दिवसा कुठी राह्यते?" मॅडमनी ते फळ्यावर लिहिलं. त्यानंतर फळा पुरेना.

एका शुक्रवारी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला. मी दारातून बघत होतो. ताईनं एक डोळा मिटायचा म्हणून दोन्ही मिटले. मॅडमनी हातानं तिचा एक डोळा झाकला. ताई वाकली आणि तशीच राहिली. मागचे कुरकुरायला लागले तरी उठेना. मग मान वर करून तिनं सगळ्यांना सांगितलं, "कांद्यात घरं हायेत. रांगेनं." आणि माझ्याकडे वळून, जरा रागानंच म्हणाली, "एवढे सालं कांदे चिरले म्या. कोनीच नाई सांगतलं."

त्या दिवसापासून घरी कांदा चिरायच्या आधी ती त्यावर सुरीच्या मुठीनं दोनदा टकटक करू लागली. बायको हसून लोटपोट व्हायची. मलाही हसू यायचं. जगात शिकण्यासारखं काय काय आहे, हे मी विसरून गेलो होतो. माझ्यासाठी शिक्षण म्हणजे हॉल तिकीट, गुणपत्रिका आणि शिक्का. ताई पंचावन्नाव्या वर्षी त्याच्या आत शिरली होती, आणि मी बावीस-तेवीस वर्षं दारातच बसून होतो.

पेपर-परीक्षा यांचा तिला काही जाच नव्हता, तरी वर्ष संपताना प्राचार्य म्हणाले की या लोकांना काहीतरी द्यायला हवं. मॅडमनी फुलांची वेलबुट्टी असलेली रंगीत प्रमाणपत्रं काढायचं ठरवलं. मला ते पटलं नाही. तसले कागद चित्रकला स्पर्धेत मिळतात, तहसीलात त्यांना कोणी विचारत नाही. माझ्या ताईला खरा कागद मिळाला पाहिजे, असं माझ्या मनानं घेतलं. शिक्क्याचा, क्रमांकाचा, कोणी नाकारू शकणार नाही असा. मी कोणालाही न विचारता दोन संध्याकाळी बसून अकरा जणांच्या टीसी तयार केल्या. सुवाच्य अक्षरात. 'महाविद्यालय सोडल्याचा दाखला.' वर्तणूक: उत्तम. प्रगती: उत्तम. सोडण्याचे कारण: अभ्यासक्रम पूर्ण. आणि टीसी दिली की जे करायचं असतं ते हातानं आपोआप केलं. हजेरीपटावरच्या अकरा नावांवर लाल शाईची रेघ ओढली. रेघ ओढताना मी गुणगुणत होतो. कुंपणानंच शेत खाल्लं ते असं, गाणं म्हणत.

समारंभ मार्चअखेरीला झाला. सभागृहाच्या खिडक्या उघड्या होत्या आणि निंबाचा वास आत येत होता. गुलाल नाही, भाषणं नाहीत, मसाला ताक होतं. एकेक जण पुढं यायचा, प्राचार्य हात मिळवायचे, टाळ्या पडायच्या. ताईनं नवं निळं लुगडं नेसलं होतं. कागद हातात पडला तेव्हा तिनं तो आडवा धरला, मग उभा धरला. तिला मोठं वाचन येत नाही. पण तो लांबट आकार, वरचा शिक्का, खाली रकान्यांची रांग. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मी समोर बसून टाळ्या वाजवत होतो, आणि मला वाटलं, ताईला आनंदानं रडू येतं आहे.

पुढच्या मंगळवारी नेहमीसारखा वर्ग होता. मॅडमच्या हिशेबी काही संपलेलंच नव्हतं. एप्रिलमध्ये झाडांची पानगळ शिकवणार होत्या. मी सकाळी तयार होऊन ओट्यावर आलो तर ताई घरच्या लुगड्यात गहू निवडत बसलेली. तिनं देऊन टाकलेली कॉलेजची पिशवी शेजारच्या पोरीच्या खांद्यावर होती.

"ताई, मंगळवार हाये न आज. कॉलेज?"

"नाई."

"काऊन?"

"सोडलं न ते. तूनंच तं कागद देल्ला."

"अवं, तू पास झाली ताई. पासचा कागद हाये तो."

ती गहू निवडत राहिली. मान वर न करताच म्हणाली, "मंग मले नापास कर."

"नापास कायले?"

"नापासवाले परत येतेत. म्या पाह्यलं न तुह्या खिडकीपाशी. तो लाल शर्टवाला तीन सालापासून येऊन राह्यला. त्याले नाई कोनी घरी बसवत." मग सूप खाली ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "मांगं तू पास झाला, आन मी घरी बसली. आता मी पास झाली, तरी मीच घरी बसू का रे सुध्या?"

आई आतून ऐकत होती. ती ऐंशीची, डोळ्यांनी अधू. तिनं फक्त एवढं विचारलं, "तुनं लिवला का रे तो कागद?" हेडमास्तराला तिनं कधी शिवी दिली नव्हती. मलाही दिली नाही, त्याचंच जास्त लागलं.

त्या दिवशी वर्गात दोघंच आले. मेश्राम मॅडम खिडकीशी येऊन विचारू लागल्या की बाकीचे कुठं गेले. मी हजेरीपट उघडून दाखवला. त्यांनी अकरा लाल रेघांवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "दोन मुलांवर प्राचार्य वर्ग चालू ठेवणार नाहीत, सुधाकरभाऊ," एवढंच म्हणाल्या. त्या पंचावन्न वर्षांच्या माणसालाही मूल म्हणायच्या. मी प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, दिलेली टीसी परत घेण्याचा नियम नाही, हरवली तर दुसरी प्रत देण्याचा आहे. मग चष्मा काढून म्हणाले, "तुम्हीच करून ठेवलंय, तुम्हीच निस्तरा. शुक्रवारपर्यंत बघू." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तो आठवडा मला अजून अर्धवट झोपेतल्यासारखा आठवतो. दिवसा खिडकीवर पोरं विनवायची, सर, एक विषय राहिला, काहीतरी करा, पास करा. ऊन उतरलं की मी सायकल काढून घरोघर जायचो आणि हात जोडून माझीच टीसी परत मागायचो. कुठं पाणी मिळालं, कुठं कैरीचं पन्हं. एका घरी आईनं दार उघडून म्हटलं, "संपलं न कॉलेज? आता अजून काय?" कागद घडी करून पिशवीत टाकताना मला प्रत्येक वेळी माझं ते सुवाच्य अक्षर दिसायचं. इतकं सुंदर अक्षर मी आयुष्यात पुन्हा काढलं नाही, आणि काढू नये हेच बरं.

गुरुवारी रजा टाकून एस.टी.नं हिंगणीला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिकामी शेतं, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे ढीग, लांबवर बोर अभयारण्याच्या जंगलाची धुरकट रेघ. खिडकीतून येणारी झळ तोंडावर घेत मी पेंगत होतो. स्टँडवर उतरलो तर बाकावर खुशाल बसलेला. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा.

"खुशाल, कुठी निघाला?"

"कुठीच नाई. मंगळवार-शुक्रवारी गाडी पाह्याले येतो. आज गुरुवार हाये, पन गाडी तं रोजच येते." कंडक्टरनं त्याच्याकडे बघून हात केला, त्यानं उलट हात केला, आणि गाडी गेली. एकट्यानं एस.टी.त बसायला त्याला सहा महिने लागले होते. आता तो एकट्यानं न बसायला शिकत होता.

त्याच्या वडिलांच्या दुकानात, गल्ल्याच्या वर, कॅलेंडरच्या शेजारी माझी टीसी काचेच्या फ्रेममध्ये लावलेली. वडील सत्तरीचे. मी कशाला आलो ते ऐकलं आणि त्यांचा हात नकळत फ्रेमवर गेला.

"हे नाई देत साहेब. आमच्या पूर्ण खानदानात कॉलेजचा कागद हा पयला. गिऱ्हाईक वाचते. इचारते, कोनाचा हाये? मी सांगतो, आमच्या खुशालचा." त्यांनी तळहातानं फ्रेमची काच पुसली. "अडतीस सालात पयल्यांदा मी त्याचं नाव मोठ्यानं घेतलं दुकानात."

एका बाजूला बाप, ज्याला हा कागद जन्मात एकदाच मिळाला होता. दुसऱ्या बाजूला मुलगा, ज्याला त्याच कागदानं गाडीतून उतरवलं होतं. दाराशी उभा खुशाल आमच्या दोघांकडे आलटूनपालटून बघत होता. मी गुळाच्या ढेपेशेजारी पोत्यावर बसून घेतलं. कायद्यानं अस्सल टीसी बाहेर असताना नाव पटावर असू शकत नाही. बावीस-तेवीस वर्षं मी हे पोरांना ठणकावून सांगत आलो होतो.

शेवटी म्हटलं, "कागद राहू द्या भिंतीवर. पोरगं उद्या गाडीत बसू द्या."

"चालते का असं?"

"नाही चालत," मी म्हणालो. "पण येऊ द्या."

ताईची टीसी तेवढी मागायची राहिली होती. त्याच रात्री जेवणाआधी मी पेटी उघडली. जुन्या पिवळ्या दाखल्याच्या खाली ताईनं मी लिहिलेला दाखला ठेवला होता. दोन्ही एकाच मापाचे. दोन्हींतल्या कारणाच्या रकान्यात वेगवेगळं लिहिलं होतं, आणि दोन्ही खोटं होतं.

कूलरचं पाणी संपलं की मोटर कोरडी घरघरते. तशी घरघरली की मी जागा होतो. आई जाऊन तीन वर्षं झाली. जाताना तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता: "सुध्या, तुह्या मांगं इचं कोन?" कॉलेजानं त्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही, कोणतंच कॉलेज देणार नाही. भीती आहे तशी आहे. फक्त आता मंगळवारी आणि शुक्रवारी ताईला त्या भीतीकडे बघायला वेळ नसतो. ती त्रेसष्टची झाली. यंदा तिचा वर्ग नदी शिकतो आहे. मी घरी असतो आणि ती कॉलेजला जाते, आणि जाताना बायकोला बजावून जाते की याले दुपारी झोपू देजो, याले दुसरं काम नाई.

त्या शुक्रवारी नऊ जण आले. डबा घेऊन खुशालही आला. ताईला मी हात धरून आणलं नाही, ती स्वतः आली. मात्र पिशवीशिवाय, रिकाम्या हातानं, बघू काय म्हणतात अशा बेतानं. मी हजेरीपट घेऊन वर्गात गेलो. लाल रेघ खोडता येत नाही, म्हणून सगळ्यांच्या देखत नवं पान उघडलं आणि खाली बसून एकेक नाव पुन्हा लिहिलं. न आलेल्या दोघांचीही लिहिली. ताई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिच्या नावात 'ग' नाही, पण स्वतःचं नाव तिला ओळखू येतं. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"आता कधी कापशीन?"

"नाई कापत."

"लिही तसं."

मी वर पाहिलं. मेश्राम मॅडम खडू हातात धरून थांबल्या होत्या. "ताई, तसा रकाना नसते."

"तं बाजूले लिही. जागा हाये."

जागा होती. पानाच्या उजव्या कडेला शेरा म्हणून एक अरुंद पट्टी असते, ती बहुधा कोरीच राहते. मी तिथं वरून खाली, अकरा नावांच्या समोर, अकरा वेळा लिहिलं: 'नाव कमी करू नये.' तिनं मला ते वाचून दाखवायला लावलं. मग खुशालकडून पुन्हा वाचून घेतलं, कारण माझा तिला भरवसा राहिला नव्हता.

"आन सही?"

मी सही केली.

ताईनं पट बंद केला, माझ्या हातात दिला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. मी तसाच उभा होतो. तिनं हातानं दाराकडे खूण केली.

"जाय आता सुध्या. आमचा क्लास हाये."